रक्ताचं नातं कामाला लावा: ॲक्शन थ्रिलरच्या पटकथेतली कौटुंबिक निष्ठा

ॲक्शन थ्रिलर लिहिताना घरचं माणूस बहुतेकदा कारणापुरतं आणलं जातं. विसाव्या पानावर मुलीला पळवून नेतात, बाप बंदूक उचलतो आणि पुढची सत्तर पानं ती मुलगी कुणाला आठवत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही. मग शेवटी बाप-लेकीची मिठी पडद्यावर येते आणि प्रेक्षकाच्या पोटात काहीच हलत नाही.

निष्ठा पडद्यावर दिसते ती किमतीतून. घरच्यासाठी माणूस काय गमावायला तयार आहे हे सांगून भागत नाही, ते त्याच्या हातून सुटताना दिसावं लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पानांचे आकडे 110 पानांच्या पटकथेसाठी दिले आहेत. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा रूढ हिशेब धरला आहे. मारामारीला तो नेमका लागू पडत नाही. आठ ओळींची झटापट दोन मिनिटं चालू शकते. समजायला सोपं जावं म्हणून एकच जोडी सगळीकडे वापरू: रुग्णवाहिका चालवणारी मोठी बहीण आणि एका टोळीच्या हिशेबाच्या वह्या सांभाळणारा धाकटा भाऊ. भाऊ एक वही घेऊन पळतो, टोळी त्याच्या मागावर आहे.

आधी जुना हिशेब

"तो तिचा भाऊ आहे" एवढ्यावर प्रेक्षक थोडा वेळ थांबतो. मग त्याच्या मनात येतंच, की हिने एवढं का करावं? त्याचं उत्तर पटकथेला हात लावण्याआधी एका वाक्यात लिहून काढा. त्या वाक्यात भूतकाळातली एक ठोस घटना हवी. "लहानपणापासून जीव आहे" हे चालणार नाही.

तीन तऱ्हेची उत्तरं शेवटपर्यंत टिकतात. ऋण: त्याने कधीतरी हिच्यासाठी काही सोसलं. शब्द: मरणाऱ्या माणसाला हिने वचन दिलं. सल: हिच्या चुकीची शिक्षा त्याने भोगली. यातली सल सगळ्यात जास्त कामाची. ऋण एका सुटकेत फिटतं, वचन पाळलं की संपतं, सल मात्र फिटत नाही, त्यामुळे नायिका दर वेळी गरजेपेक्षा एक पाऊल पुढे जाते आणि गोत्यात येते. आपल्या जोडीपुरतं ठरवू: आई शेवटच्या घटका मोजत होती त्या रात्री बहीण दुसऱ्याचा पेशंट घेऊन गेली होती आणि चौदा वर्षांचा भाऊ आईजवळ एकटा होता. म्हणजे तिच्या कामाचं आणि घरच्या माणसाचं भांडण गोष्टीच्या मुळातच आलं. ते पुढे क्लायमॅक्सला उपयोगी पडतं.

आता एक चाचणी. पटकथेतून भाऊ काढा आणि त्याच्या जागी पैशांची बॅग ठेवा. तीच पळापळ, तीच मारामारी तशीच घडत असेल तर नातं अजून कामाला लागलेलं नाही. पुढे जाऊ नका, इथेच थांबून वाक्य बदला.

पहिली बारा पानं

संकट येण्याआधी हे नातं किमान दोन प्रसंगांत दिसायला हवं. दोन्ही मिळून चार ते पाच पानं पुरेत. वाढदिवस, हसरा फोटो, एकत्र जेवण ही चित्रं प्रेक्षकाने इतकी पाहिली आहेत की ती डोळ्यांवरून घसरतात. त्याऐवजी अर्धवट राहिलेलं भांडण लिहा. भांडणात दोघं एकमेकांना किती खोल ओळखतात ते आपोआप कळतं, आणि भांडण मिटलेलं नसल्यामुळे पुढचं प्रत्येक पाऊल जास्त जड होतं.

याच पानांत दोन गोष्टी पेरा, एक वस्तू आणि एक कौशल्य किंवा सवय. 'डाय हार्ड' (1988) मध्ये हे फार नीट साधलंय. नवऱ्यावर रागावलेली हॉली ऑफिसमधला घरचा फोटो पालथा घालते. क्षणभराचीच क्रिया, पण तिच्यातून लग्नाची अवस्था कळते. शिवाय फोटो पालथा असल्यामुळे आणि तिने माहेरचं आडनाव लावल्यामुळे इमारत ताब्यात घेतलेल्या खलनायकाला, ती आपल्याशी एकट्याने झुंजणाऱ्या पोलिसाची बायको आहे, हे उशिरापर्यंत समजत नाही. तो फोटो सरळ करतो, तिथून ती ओलीस म्हणून सगळ्यात मौल्यवान ठरते. नात्यातला दुरावा हाच कथानकाचा खिळा झाला आहे. पेरलेली वस्तू अशी दुहेरी कामाची हवी: आधी नात्याबद्दल सांगणारी, नंतर घटना घडवणारी. आठवण म्हणून गळ्यात अडकवलेलं पदक पहिलं काम करतं, दुसरं क्वचितच.

किमतीचा जिना

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. नायिका भावासाठी काय काय देते त्याची यादी करा आणि स्वस्तापासून महागापर्यंत लावा. आपल्या गोष्टीत ती अशी दिसेल:

1. पान 18 च्या आसपास: कंट्रोल रूमला खोटं सांगून ती ठरलेला रस्ता सोडते. किंमत, कामातला विश्वास.
2. पान 32: रुग्णवाहिका परत न करता घेऊन जाते. किंमत, नोकरी.
3. पान 50: पोलिसांना हवी असलेली वही दडवते. आता ती स्वतः गुन्हेगार.
4. पान 68: तिचा उजवा हात निकामी होतो. ज्या कौशल्यावर ती इथवर आली तेच अर्धं गेलं.
5. पान 84: तिच्यावर भरवसा ठेवणारा सहकारी तिच्यामुळे जबर जखमी होतो. पहिल्यांदाच किंमत दुसऱ्याने चुकवली.
6. क्लायमॅक्स: आयुष्यभर जपलेलं तत्त्व.

पायऱ्यांमध्ये साधारण 14 ते 18 पानांचं अंतर ठेवा. कमी झालं तर नुकसान अंगात मुरत नाही, जास्त झालं तर निष्ठा विसरली जाते. एका प्रकारची किंमत दोनदा नको. तीन वेळा मार खाणं ही तीन पायऱ्या होत नाहीत, ती एकच पायरी आहे.

सर्रास होणारी चूक म्हणजे वरच्या पायरीवर आधीच पाय टाकणं. विसाव्या पानावर नायकाने भावासाठी चार माणसं मारली की पुढे द्यायला त्याच्याजवळ काही उरत नाही. मग लेखक माणसांची संख्या वाढवत नेतो: चाराचे चौदा, चौदाचे चाळीस. पडद्यावर गोंगाट वाढतो, ताण कमी होतो. दुसरी चूक अशी, की किंमत दाखवली जाते आणि दोन प्रसंगांनी ती माफ होते. नोकरी गेली म्हटल्यावर साहेबांनी "काळजी करू नकोस" म्हणून फोन करायचा नाही. गेलेलं गेलं पाहिजे.

समोरच्यालाही घर हवं

खलनायकाच्या बाजूला तितकीच खरी निष्ठा ठेवली की गोष्टीचं वजन एकदम वाढतं. आपल्या वहीत टोळीप्रमुखाच्या मुलाने आपल्याच टोळीचे पैसे खाल्ल्याची नोंद आहे असं समजा. ती उघड झाली तर भागीदार पोराला सोडणार नाहीत. म्हणजे बाप पोराला वाचवायला भावाच्या मागे लागलाय आणि बहीण भावाला वाचवायला बापाला आडवी जातेय. आता खलनायकाला क्रूर ठरवण्यासाठी वेगळे प्रसंग लिहावे लागत नाहीत, आणि शेवटच्या भेटीत दोघांच्या बोलण्याला धार येते, कारण दोघंही एकमेकांना पुरतं समजू शकतात.

एकाच घरात निष्ठेचे दोन अर्थ लावता आले तर त्याहून उत्तम. 'दीवार' (1975) मध्ये कुटुंबाच्या जिवावर बेततं म्हणून बाप मालकाच्या कागदावर सही करतो आणि कामगारांशी दगा करतो. घराला वाचवणारी ती सही पुढे घरालाच छळते. मुलाच्या हातावर "बाप चोर आहे" असं गोंदलं जातं, आणि मोठेपणी एक भाऊ तस्करीकडे, दुसरा पोलिसात जातो. यातून घ्यायचा धडा रचनेचा आहे: निष्ठेने घेतलेल्या पहिल्याच निर्णयात पुढच्या संकटाचं बी असू द्या. बाहेरून नवं संकट आणावं लागलं तर पाया कच्चा राहिला असं समजा.

मारामारीत नातं

बऱ्याच पटकथांमध्ये नातं संवादात असतं आणि ॲक्शन त्याच्याविना चालू असते. ॲक्शन सुरू झाली की नातं तिथेच, त्याच जागेत, अडथळा बनून उभं राहिलं पाहिजे.

पाठलाग घ्या. भावाच्या पोटात गोळी लागली आहे, तो मागे स्ट्रेचरवर आहे. जोरात वळण घेतलं की जखम उघडते, हळू घेतलं की मागची गाडी गाठते. आता प्रत्येक वळण हा निर्णय आहे. चार पानांचा पाठलाग असेल तर तीन टप्पे करा. पहिल्यात ती वेग निवडते आणि मागून किंकाळी ऐकू येते. दुसऱ्यात ती वेग कमी करते आणि मागची धडक बसते. तिसऱ्यात भाऊ स्वतः पट्टे आवळून ओरडतो, "जा!" दर सहा-आठ ओळींनी कॅमेरा मागच्या भागात परत आलाच पाहिजे. परिच्छेद तीन ओळींपेक्षा मोठा नको, एका ओळीत एकच क्रिया. "तुफान पाठलाग होतो" असं लिहिलंत तर तो प्रसंग स्टंट दिग्दर्शक रचेल आणि नातं त्यात येणार नाही.

माणूस जवळ नसतानाही हे जमतं. 'टेकन' (2008) मधला फोनचा प्रसंग आठवा. मुलगी पलंगाखाली, माजी गुप्तहेर असलेला बाप दुसऱ्या टोकाला फोनवर. तुला ते घेऊन जाणार आहेत हे तो तिला स्पष्ट सांगतो आणि दिसेल ते ओरडून सांग म्हणतो. तो काहीही करू शकत नाही, फक्त ऐकू शकतो. एकही ठोसा न मारता तिथे माया आणि धंद्यातलं कसब एका सुरात येतं. घाबरलेल्या बापाचा हुंदका लिहिला असता तर हा प्रसंग साधा झाला असता. निष्ठावान माणूस संकटात त्याचं कसब वापरतो, हे ध्यानात ठेवा.

ज्याला वाचवायचंय त्याचे हातपाय बांधू नका

भावाला गोष्टीत किमान तीन निर्णय द्या: एक चुकीचा, ज्यामुळे संकट वाढतं, एक अचूक, ज्यामुळे बहीण वाचते, आणि एक बहिणीच्या इच्छेविरुद्ध. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. वाचवायला आलेल्या माणसाला "नको वाचवूस" म्हणणारं माणूस नात्याला दोन बाजू आहेत हे सिद्ध करतं. नायकाला चिडवण्यापुरती बायको किंवा बहीण मारून टाकणं ही या प्रकारातली जुनी आणि आळशी सवय आहे. मेलेल्या माणसाशी नातं पुढे सरकत नाही, उरलेल्या पानांवर फक्त सूड उरतो. मरण लागणारच असेल तर आधी त्या माणसाला इतकं करू द्या की त्याची उणीव कथानकालाही भासावी.

घरातल्याच कुणाचा दगा दाखवायचा असेल तर दोन खुणा आधी सोडा, एक पान 30 च्या आत आणि दुसरी साठीच्या घरात, आणि दग्याचं कारणही निष्ठाच ठेवा. पैशासाठी फिरलेला काका प्रेक्षकाला लगेच विसरता येतो. आपल्या मुलीला वाचवायला भाच्याचा पत्ता देणारा काका विसरता येत नाही.

क्लायमॅक्स

शेवटच्या निवडीत दोन्ही पर्याय दुखणारे हवेत, आणि त्यांचं मूळ पहिल्या बारा पानांत हवं. आपल्या गोष्टीत, टोळीने भावाला धरलेलं असताना रुग्णवाहिकेत एक अनोळखी, मरणाच्या दारातला पेशंट आहे. आईच्या वेळी तिने पेशंट निवडला होता. या वेळी? काहीही निवडलं तरी चालेल, पण तिसरी, सगळ्यांना वाचवणारी वाट अचानक उघडली तर आधीचा सगळा जिना वाया गेला. वाट काढायचीच असेल तर ती भावाच्या तिसऱ्या निर्णयातून निघू द्या.

पेरलेली वस्तू इथे परत येते. 'डाय हार्ड'मध्ये हॉलीला कंपनीने दिलेलं घड्याळ शेवटी खलनायकाच्या मुठीत सापडतं आणि नवरा त्याचा पट्टा सोडवतो. नवरा-बायकोत आलेल्या नोकरीची खूणच तिथे हातातून निसटते. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

संवाद आणि फेरलेखन

पहिला ड्राफ्ट झाला की "कुटुंब", "रक्ताचं नातं", "तुझ्यासाठी जीव देईन" अशी वाक्यं शोधा. सगळ्या पटकथेत एक ठेवा, बाकीची काढा. काढल्यावर प्रसंग लंगडा वाटला तर तिथे क्रिया कमी आहे, संवाद घालून ती भरून येणार नाही. लांब भाषणापेक्षा "जेवलास का?" हे तीन गोळ्या चुकवून झाल्यावर विचारलेलं बरं.

मग दोन रंगांची पेनं घ्या. नात्यामुळे ज्या प्रसंगात निर्णय बदलला तिथे लाल खूण, नात्याचा नुसता उल्लेख आहे तिथे निळी. लाल खुणांमध्ये दहा पानांपेक्षा मोठी पोकळी सापडली तर बहुधा ती पान 55 ते 75 मध्ये असेल, कारण तिथे लेखक कटाच्या गुंत्यात अडकतो. त्या भागातला एक माहिती देणारा प्रसंग उचला आणि तीच माहिती अशा माणसाकडून द्या जो ती सांगण्याच्या बदल्यात भावाबद्दल काही मागतो. निळ्या खुणा लालपेक्षा जास्त निघाल्या तर निम्म्या खोडा.

क्लायमॅक्सनंतर दोन पानं पुरेत. तिथे नवा समेट लिहू नका. बहीण डाव्या हाताने भावाच्या जखमेची पट्टी बदलते आहे, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला आहे, आणि पहिल्या बारा पानांतलं अर्धवट भांडण दोघं जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू करतात.