चतुर्थीला जास्वंद फुलावी म्हणून

गोव्यातील जुन्या घराच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या आसपास एखादे तांबड्या जास्वंदीचे झाड असतेच, आणि तरीही ऐन चतुर्थीच्या दिवसांत, गणपतीला वाहायला फुले हवी असतात तेव्हा, झाडावर नुसती पाने दिसतात अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. याचे मुख्य कारण एका साध्या गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षात आहे. जास्वंदीची कळी नव्या फुटव्यावर, शेंड्याकडच्या पानांच्या बगलेत धरते, जुन्या जून फांदीवर ती येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे न छाटलेले झाड उंच वाढत जाते, खालून उघडे पडते आणि त्याची मोजकी फुले हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर उमलतात.

छाटणीची वेळ म्हणूनच चतुर्थीपासून मागे मोजत ठरवावी. छाटल्यावर डोळे फुटून नवी फांदी वाढायला, तिच्यावर कळी धरायला आणि ती उमलायला निदान दहा ते बारा आठवडे लागतात. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे मेच्या शेवटच्या पंधरवड्यात, पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वी केलेली छाटणी दोन्ही वर्षांना चालते. मी स्वतः काही वर्षे जुलैत छाटणी करत असे, कारण पावसात झाड लवकर सावरते असे मला वाटे. झाड सावरायचे हे खरे, पण चतुर्थीला त्यावर कोवळी पालवीच असायची, आणि दोनदा तर सततच्या ओलीने कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत गेली.

छाटताना एका वेळी झाडाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या पोटात शिरलेल्या फांद्या काढाव्यात. मग उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या बोटभर वर, तिरक्या कापाव्यात, म्हणजे पाणी कापावर साचत नाही आणि नवा फुटवा उजेडाकडे जातो. कात्रीला धार हवी. कोयत्याच्या घावाने साल फाटते व तेथे बुरशी शिरते, त्यामुळे घाई असली तरी कोयता वापरू नये. दुसरी हलकी छाटणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात करावी.

जागेबाबत फार सांगण्यासारखे नाही: दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळाले पाहिजे, आणि माडाच्या किंवा फणसाच्या दाट सावलीत फुलांची अपेक्षा धरू नये. आपली चिऱ्याच्या कातळावरची तांबडी माती किंचित आम्ल असते व ती जास्वंदीला मानवते. मात्र नव्या कुंपणाच्या भिंतीलगत सिमेंट-चुन्याचा राडा मातीत मिसळलेला असतो, तेथे लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असे दिसल्यास खत वाढवण्याऐवजी झाडाभोवतीची माती बदलावी. खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल घ्यावा आणि खोडाजवळची माती थोडी उंच ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबत नाही.

खताच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक स्फुरदाची (फॉस्फरसची) होते. फुलांसाठी म्हणून एका रोपवाटिकेतून मला डीएपी हे भरपूर स्फुरद असलेले रासायनिक खत देण्यात आले होते आणि मी ते वर्षभर निष्ठेने घातले. त्यानंतर पाने लहान व फिकट होत गेली. जास्वंदीला स्फुरद कमी आणि पालाश (पोटॅश) अधिक लागते. आपल्याकडचा मुसळधार पाऊस पालाश धुऊन नेतो, म्हणून पावसाळ्यानंतर ते भरून काढणे आवश्यक असते. ऑक्टोबरात जमिनीतील झाडाला एक घमेले कुजलेले शेणखत आणि चुलीची मूठभर राख खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली मातीत मिसळावी. कुंडीत राख घालू नये. बारा इंची कुंडीला महिन्यातून एकदा लहान चमचाभर सल्फेट ऑफ पोटॅश पुरते.

उन्हाळ्यात कुंडीला रोज आणि जमिनीतील झाडाला दोन-तीन दिवसांआड भरपूर पाणी द्यावे व बुंध्याभोवती नारळाची सोडणे (वरची जाड साले) उपडी पसरावीत. एप्रिलमध्ये एक-दोन दिवस पाणी चुकले तरी कळ्या गळतात. पाणी नियमित असूनही कळ्या पिवळ्या होऊन पडत असतील, तर पडलेली कळी नखाने उभी चिरून पाहावी. आत तांदळाच्या कणीहून लहान अळ्या वळवळताना दिसल्या तर तो गादमाशीचा उपद्रव आहे. तिच्या अळ्या पुढे मातीत कोश करतात, म्हणून पडलेली प्रत्येक कळी रोज वेचून जाळावी. फवारणीपेक्षा याच कामाचा उपयोग अधिक होतो. शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. शेंडा वेडावाकडा झाला असल्यास कापून टाकावा, इतरत्र पाण्याच्या जोरदार धारेने धुवावे आणि सायंकाळी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा द्रवरूप साबण मिसळून पानांच्या खालून फवारावे.

मेमध्ये छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या फेकू नयेत. त्यांचे वीतभर तुकडे करून, वरची दोन पाने ठेवून सावलीत रेतीमिश्रित मातीत लावले, तर महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. गावठी तांबडी जास्वंद अशी सहज लागते. मोठ्या फुलांच्या संकरित जाती पुष्कळदा गावठी खुंटावर कलम केलेल्या असतात, त्यामुळे कलमाच्या सांध्याखालून आलेला फुटवा दिसताच काढून टाकावा.

जास्वंदीचे फूल बहुधा एका दिवसाचेच असते. चतुर्थीच्या पहाटे पाऊस कोसळत असला तर उमललेल्या पाकळ्या चिखलात लोळतात, म्हणून उद्या उमलणाऱ्या, तांबडा रंग पुरता बाहेर आलेल्या लांबट कळ्या आदल्या सायंकाळी देठासह खुडून केळीच्या पानावर घरात ठेवाव्यात. पाण्यात न ठेवताही त्या सकाळी पूजेच्या वेळेला उमलतात.