मायक्रोकंट्रोलरचा फ्लॅश लॉक करताय? या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरून चिपा उचलायच्या, अंधेरीच्या गाळ्यात बोर्ड बनवायचे, आणि माल निघायच्या आदल्या दिवशी कोणीतरी विचारणार, अरे फ्लॅश लॉक केलास ना? फ्लॅश म्हणजे चिपमधली मेमरी, जिथे आपला कोड बसतो, आणि लॉक म्हणजे तो कोणी वाचून कॉपी करू नये याची सोय. मग घाईत कुठलातरी ऑप्शन टिक होतो आणि तिथेच घोळ होतो.

एसटीएम३२ घराण्याच्या चिपांमध्ये हा घोळ जास्त होतो. एफ४ सारख्या सिरीजमध्ये आरडीपी (रीड प्रोटेक्शन, वाचण्यापासून बचाव) बाइटमध्ये हेक्स एए असेल तर लेव्हल ०, म्हणजे सताड उघडं, सीसी असेल तर लेव्हल २, बाकी काहीही असलं तरी लेव्हल १. लेव्हल १ वरून ० वर आलात की आख्खा फ्लॅश पुसला जातो, तो फॉल्ट नाहीये, तेच प्रोटेक्शन आहे. लेव्हल २ मात्र कायमची, डीबग पोर्ट (प्रोग्रामर जोडायची जागा) बंद ते बंदच, त्यामुळे स्वतःचा बूटलोडर (चिपमध्ये नवीन कोड भरणारा छोटा प्रोग्राम) नीट टेस्ट झाला नसेल तर तिच्या वाटेला जाऊच नका.

आता "लॉक केलं आणि बोर्डच मेला" ही तक्रार. लेव्हल १ टाकली, एसटी-लिंक (चिपला जोडायचा प्रोग्रामर-डीबगर) तसाच लावलेला, एलईडी ब्लिंक होत नाही, रिसेट दाबून दाबून बोट दुखलं. बोर्ड जिवंत आहे हो! या लेव्हलला डीबगर कनेक्ट झाला की चिप फ्लॅश वाचूच देत नाही, स्वतःच्या कोडलासुद्धा, आणि नुसत्या रिसेटने ते सुटत नाही. एसटी-लिंक काढा, सप्लाय पूर्ण बंद करा, यूएसबी-सिरियलची वायरपण काढा कारण तिच्यातून चोरून करंट येत राहतो, मग चालू करा.

ब्लू पिल नावाच्या स्वस्त बोर्डवरच्या एसटीएम३२ एफ१०३ मध्ये लेव्हल २ नाहीच, आणि तिचं रीड प्रोटेक्शन चुकवून बराचसा फ्लॅश काढता येतो हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलंय. सिक्रेट की ठेवायची असेल तर ती चिप नको, स्वस्त असली तरी.

अर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये गंमत वेगळी. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून बूटलोडर बर्न केला की लॉक बिट बदललेले दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो, पण ते फक्त बूटलोडरचा भाग स्केचपासून (म्हणजे अर्डुइनोत लिहिलेल्या प्रोग्रामपासून) जपतात, प्रोग्रामर लावून कोड आरामात वाचता येतो. वाचणं बंद करणारे लॉक बिट एलबी१ आणि एलबी२ वेगळे, आणि ते सगळ्यात शेवटी टाका, कारण चिप इरेज झाली की लॉकही उडतो.

वायफायवाल्या ईएसपी३२ चिपला फ्लॅश एन्क्रिप्शन डेव्हलपमेंट मोडमध्येच ठेवून माल पाठवू नका, रिलीज मोड करा, आणि वायफायचा पासवर्ड एनव्हीएसमध्ये (फ्लॅशमधल्या सेटिंग साठवायच्या भागात) असतो, त्याचं एन्क्रिप्शन चालू आहे का तेही बघा.

चिप कुठलीही असो, लॉक केल्यावर त्याच प्रोग्रामरने फ्लॅश वाचायचा प्रयत्न करून बघा, एरर आली पाहिजे. आणि एवढं सगळं करून हेक्स फाइल, जिच्यात आख्खा कोड असतो, ती प्रोग्रामिंगवाल्या दुकानाला व्हॉट्सॅपवर पाठवणारे महाभाग आहेत, त्यांना काय बोलणार!