एडिटर डॉट आयएनसी फाइल ओळखत नाही? या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीचा जुना पीएचपी कोड माझ्याकडे आला, तेव्हा निम्म्या फाइलींच्या नावाशेवटी डॉट आयएनसी (.inc) होतं, म्हणजे दुसऱ्या फाइलींत जोडायचे कोडचे तुकडे. हमाली, तोलाई, आडत, सगळा हिशेब व्हीएस कोड या एडिटरमध्ये एकाच रंगात. भाषा ओळखली तरच एडिटर कोडचे भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. न मिटलेलं एक अवतरणचिन्ह शोधण्यात माझी अर्धी दुपार गेली. रंग असते तर तिथून पुढचा कोड वेगळ्याच रंगात दिसला असता आणि चूक लगेच नजरेत आली असती.

आधी खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे 'प्लेन टेक्स्ट' असेल तर एडिटरने फाइल ओळखलेली नाही. त्यावर क्लिक करून बरेच जण नुसतं पीएचपी निवडतात. त्याने उघडी फाइल रंगते, बाकीच्या तशाच राहतात. त्याच यादीत 'कॉन्फिगर फाइल असोसिएशन' आहे, ते निवडा.

हाताने सेटिंग लिहिताना दोन चुका ठरलेल्या. एक्स्टेन्शनआधीचा, म्हणजे नावाशेवटच्या डॉट आयएनसीआधीचा, स्टार (*) लिहायचा राहून जातो. नुसतं डॉट आयएनसी चालत नाही, *.inc लागतं. दुसरी, भाषेचं बोलीतलं नाव लिहिलं जातं. एडिटरला त्याचं स्वतःचं नाव लागतं, तेही लहान अक्षरांत: सी प्लस प्लसला 'सीपीपी', बॅशला 'शेलस्क्रिप्ट'. यादीत भाषेच्या शेजारी कंसात ते दिसतं. आणि त्या भाषेचा सपोर्टच एडिटरमध्ये नसेल, तर आधी तो बसवा.

नांदेडहून एका मुलाचा फोन आला, "दादा, माझा पास्कलचा कोड पीएचपी म्हणून उघडतोय." त्याने आयएनसीची जोडणी यूजर सेटिंगमध्ये केली होती (वरच्या यादीतून केली तरी ती सहसा तिथेच जाते), म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोजेक्टांना ती लागू झाली. आयएनसी पास्कलवालेही वापरतात, असेम्ब्लीवालेही. म्हणून अशी जोडणी वर्कस्पेस सेटिंगमध्येच, म्हणजे त्या एका प्रोजेक्टपुरतीच, ठेवा. ती प्रोजेक्टमधल्या डॉट व्हीएसकोड फोल्डरात जाते, गिटमध्ये (कोडचे बदल जपून सोबत्यांना देणारं साधन) टाकली की सोबत्यालाही आयती मिळते.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे. एडिटरमध्ये फाइल पीएचपी म्हणून रंगली, म्हणून सर्व्हर तिला पीएचपी मानत नाही. सर्व्हरला तसं वेगळं सांगितलेलं नसेल, तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकणाऱ्याला आतला कोड जसाच्या तसा वाचता येतो. त्या आडतीच्या अशाच एका फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड होता. त्या संध्याकाळी मी आधी पासवर्ड बदलला, मग सगळ्या आयएनसी फाइली वेब फोल्डरच्या बाहेर हलवल्या आणि इन्क्लूडचे पाथ, म्हणजे कोडमध्ये त्या फाइली जिथून जोडल्या होत्या ते पत्ते, एकेक करून दुरुस्त केले.