‘झालं’ म्हणजे नेमके काय झाले? तांत्रिक आणि बिगरतांत्रिक सहकाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

आमच्या कंपनीचा कारखाना भोसरीच्या एमआयडीसीत आहे आणि संगणक विभाग बाणेरला बसतो. एकीकडे बिले, चलने, गेट पास आणि मालाची आवक-जावक सांभाळणारी माणसे आहेत, दुसरीकडे हे सगळे ज्या प्रणालीत नोंदवले जाते ती लिहिणारी मंडळी आहेत, आणि गेली नऊ वर्षे या दोघांमध्ये निरोप्याचे काम मी करत आहे. हिशेब विभागाचे म्हणणे असे, की संगणकवाल्यांना व्यवहार कळत नाही. संगणकवाल्यांचे म्हणणे असे, की हिशेब विभागाला तंत्र कळत नाही. दोन्ही तक्रारींत थोडेफार तथ्य आहे, परंतु मी पाहिलेले बहुतेक तंटे अज्ञानातून उद्भवलेले नव्हते. ते अशा साध्या शब्दांवरून झाले, जे दोन्ही बाजूंना उत्तम कळत होते आणि ज्यांचा अर्थ मात्र प्रत्येकाच्या मनात निराळा होता. अनोळखी शब्द कानावर पडला तर माणूस निदान विचारतो. ओळखीच्या शब्दाचा अर्थ विचारण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

‘झालं’ या शब्दावर विसंबणे

प्रोग्रामर ‘झालं’ म्हणतो, तेव्हा त्याच्या लेखी काम त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालू लागलेले असते. तपासणी करणारी सहकारी ‘झालं’ म्हणते, तेव्हा चाचणीच्या सर्व्हरवर चूक सापडलेली नसते. हिशेब विभागातील मॅडम तोच शब्द वापरतात, तेव्हा पार्टीच्या हातात बरोबर बिल पडलेले असते आणि महिनाअखेरीला त्याचा ताळा जुळणार असतो. सोमवारच्या बैठकीत तिघेही माना डोलावतात आणि बुधवारी एकमेकांवर खोटे बोलल्याचा आरोप करतात, वास्तविक खोटे कोणीच बोललेले नसते. आमच्याकडे आता बैठकीत नुसते ‘झालं’ म्हणण्याची सोय ठेवलेली नाही. ‘लिहून झाले’, ‘तपासून झाले’, ‘लाइव्ह झाले’ आणि ‘अमुक मॅडमनी खरे बिल काढून पाहिले’ यांपैकी जे खरे असेल ते पूर्ण वाक्यात सांगावे लागते. सुरुवातीला हे शाळेतल्यासारखे वाटते, हे मान्य आहे.

आपल्याला उघड वाटते ते सांगायचे राहून जाणे

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले आणि वाहनांच्या ज्या सुट्या भागांवर 28 टक्के कर होता, तो 18 टक्क्यांवर आला. आमच्या हिशेब विभागाने संगणक विभागाला वेळेत, लेखी आणि स्पष्ट मागणी पाठवली: ‘22 तारखेपासून दर 28 ऐवजी 18 करावा.’ प्रोग्रामरने 21 तारखेच्या रात्री आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या आणि दरांच्या मूळ यादीत, दर बदलला. 22 च्या सकाळचे पहिले बिल अचूक निघाले आणि दोन्हीकडे समाधान पसरले.

तीन दिवसांनी एका ग्राहकाने ऑगस्टमधील बिलाची प्रत मागितली. प्रत काढली, तर त्यावर 18 टक्के दर छापून आला. कारण साधे होते. दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या या प्रणालीत दर बिलासोबत साठवलेलाच नव्हता. छपाईच्या वेळी तो मास्टरमधून उचलला जात होता, आणि तोवर दर एकदाही बदललेला नसल्याने ही उणीव कोणाच्या नजरेला आली नव्हती. त्याच आठवड्यात ऑगस्टमध्ये विकलेला काही माल परत आला. त्याची क्रेडिट नोट (मूळ बिलातील रक्कम कमी करणारा कागद) मूळ बिलाच्याच दराने, म्हणजे 28 टक्क्यांनी निघायला हवी होती, ती 18 टक्क्यांनी तयार झाली.

यानंतर जो वाद झाला, तो मला शब्दशः आठवतो. मॅडम म्हणाल्या, ‘जुन्या बिलांना हात लावायचा नसतो, हे काय सांगायला पाहिजे?’ प्रोग्रामर म्हणाला, ‘मी जुन्या बिलांना हात लावलाच नाही.’ दोघांचेही म्हणणे खरे होते. हिशेबाच्या जगात काढलेले बिल म्हणजे दगडावरची रेघ असते. संगणकाच्या जगात बिल म्हणजे वेगवेगळ्या कोष्टकांतून दर वेळी नव्याने जुळवून दाखवलेले चित्र असू शकते.

1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने एक प्रयोग केला होता. काही जणांनी सर्वपरिचित गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. ‘दर 18 करा’ ही आमच्या मॅडमची टकटक होती.

यावर सापडलेला उपाय असा, की मागणीसोबत नियम लिहिण्याऐवजी, किंवा नियमाच्या जोडीने, निदान तीन खरी उदाहरणे द्यावीत: एक नेहमीचे, एक जुन्या तारखेचे आणि एक परत आलेल्या मालाचे. ऑगस्टमधील एक बिल, सप्टेंबरअखेरचे एक बिल आणि एक क्रेडिट नोट हाताने लिहून कागदावर समोर ठेवली असती, तर प्रोग्रामरला मास्टरमधील खोट त्याच रात्री दिसली असती. उदाहरणे निवडण्याचे काम व्यवहार जाणणाऱ्याचेच असले पाहिजे; आडवळणाची प्रकरणे कुठे दडलेली असतात, हे त्यालाच ठाऊक असते.

वापरणाऱ्याचे हात न पाहता स्क्रीन घडवणे

बिलाची नवी स्क्रीन आली तेव्हा अर्धवट भरलेली बिले जतन होऊ लागली. संगणक विभागाने तपासले, त्यांच्याकडे सगळे सुरळीत चालत होते. हिशेब विभागाला ‘नीट भरा’ असा निरोप गेला आणि तिथे अर्थातच नाराजी झाली. शेवटी ज्या मुलाने ती स्क्रीन लिहिली होती, त्याला मी भोसरीला घेऊन गेलो आणि एकच अट घातली: माउसला हात लावायचा नाही आणि तोंडही उघडायचे नाही.

मॅडमनी डाव्या हाताचे बोट कागदी चलनावरील ओळीवर ठेवले, उजव्या हाताने पार्टीचे नाव भरले आणि एंटर दाबला. बिल जतन झाले. मुलगा खुर्चीतून अर्धवट उठला. वीस वर्षे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या बोटांना एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाण्यासाठी एंटरच माहीत होता, आणि ब्राउझरमधील फॉर्मला एंटर म्हणजे ‘पाठवा’ एवढेच ठाऊक होते. दुरुस्तीला अर्धा तास लागला. त्याआधीचे तीन आठवडे निरोपांच्या देवाणघेवाणीत गेले होते.

आपल्याकडच्या अनेक कारखान्यांत जपानी पद्धतीची ‘गेम्बा’ फेरी घेतली जाते, म्हणजे काम जिथे घडते तिथे जाऊन ते डोळ्यांनी पाहायचे. शॉप फ्लोअरवर ही शिस्त पाळणाऱ्या कंपन्या स्वतःच्याच हिशेब विभागाकडे मात्र अशी फेरी नेत नाहीत, याचे मला नवल वाटते.

‘सिस्टीमलाच माहीत असणार’ असे मानून गप्प बसणे

ही चूक बिगरतांत्रिक बाजूची आहे. मालाची किंमत 50,000 रुपयांपेक्षा अधिक असेल, तर वाहतुकीसाठी ई-वे बिल, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढलेला वाहतुकीचा दाखला, लागतो, हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल, तर ही मर्यादा 1 लाख रुपये आहे. आमच्या प्रोग्रामरने पहिला नियम वाचून गेट पासच्या स्क्रीनवर 50,000 ची अट घातली. त्यामुळे भोसरीहून चाकणला निघालेल्या साठ-सत्तर हजारांच्या मालासाठीही ई-वे बिलाचा क्रमांक भरल्याशिवाय गेट पास निघेना. जावक विभागातील मामांना खरा नियम पाठ होता. तरीही दोन महिने ते रोज विनाकारण ई-वे बिले काढत राहिले आणि टेम्पोवाले फाटकापाशी ताटकळत राहिले. विचारल्यावर ते म्हणाले, ‘कंप्युटर मागतोय म्हटल्यावर नियम बदलला असेल, असं वाटलं साहेब.’

मामांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांनी याआधी दोनदा शंका विचारली होती आणि दोन्ही वेळा इंग्रजी संज्ञांनी भरलेले उत्तर मिळाल्यावर विचारणे सोडून दिले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. आता अशा प्रत्येक अटीच्या खाली ती कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या नियमाच्या आधारे घातली, हे स्क्रीनवर मराठीत एका ओळीत छापलेले असते. चुकीची ओळ दिसली, की मामा फोन करतात.

‘चालत नाही’ एवढीच तक्रार करणे

व्हॉट्सॲपवर आलेला, तिरका, खिडकीच्या उजेडाने चमकणारा आणि नेमका चुकीचा संदेश कापला गेलेला मॉनिटरचा फोटो हा आमच्या संगणक विभागात विनोदाचा कायमचा विषय आहे. तक्रार उपयोगी पडण्यासाठी बिलाचा किंवा चलनाचा क्रमांक, वेळ, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढे पुरते. ‘बिल निघत नाही’ या तीन शब्दांचा अर्थ सर्व्हर बंद आहे, असाही होतो आणि प्रिंटरमधील कागद संपला आहे, असाही होतो.

दिवस विचारणे आणि दिवस सांगणे

शिवाजीनगरहून हिंजवडीला जायला किती वेळ लागतो, असे विचारले, तर पुणेकर उलट विचारतो, ‘किती वाजता निघणार?’ कामाचा अंदाज देताना मात्र हे शहाणपण आपण विसरतो. ‘दोन दिवस लागतील’ हे प्रोग्रामरचे उत्तर मध्ये दुसरे काहीही न आल्यास लागणाऱ्या सलग कामाचे असते. ऐकणारा ते कॅलेंडरवर मांडतो आणि परवा संध्याकाळची वाट पाहू लागतो. ‘किती दिवस?’ या प्रश्नाऐवजी ‘कधी सुरू कराल आणि मध्ये काय येऊ शकते?’ असे विचारले, तर बरेच मनस्ताप वाचतात.

कॅलेंडरही दोघांचे वेगळे असते. भोसरी-पिंपरीकडील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर संगणक कार्यालये शनिवार-रविवार बंद असतात. संगणक विभाग मोठा बदल शुक्रवारी रात्री लाइव्ह करतो, कारण त्याच्या दृष्टीने पुढचे दोन दिवस मोकळे असतात. कारखान्यात शनिवारी सकाळी पहिल्या पाळीला नवीच स्क्रीन उघडते आणि फोन उचलायला बाणेरला कोणी नसते. महिन्यातही धोक्याचे दिवस आहेत: 7 तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला प्राप्तिकर) भरायचा असतो, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 आणि 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी भरायचे असते. या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत काहीही बदलायचे नाही, हा आमचा नियम एका फार वाईट 10 तारखेनंतर झाला. बुधवारी संध्याकाळी बदल करावा, गुरुवारी कारखाना बंद असताना दोन्हीकडच्या एकेका माणसाने तपासावा, हे वेळापत्रक आता बसले आहे. गुरुवारी येणाऱ्याला बदली सुट्टी द्यावी लागते आणि ती द्यायला सुरुवातीला व्यवस्थापन कुरकुरले होते.

मध्यस्थावर सगळे सोपवणे

ही चूक माझ्याविषयी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दोन विभागांमध्ये कायमचा निरोप्या नेमला, की ते एकमेकांशी बोलणे थांबवतात. मी रजेवर असताना पंधरा दिवस कोणीच कोणाला फोन केला नव्हता, आणि याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

आधीच बिनसले असेल तर

संबंध बिघडल्यानंतर सगळ्यांना सभागृहात बसवून ‘संवाद वाढवा’ असे सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. दोन्ही बाजू जुनी प्रकरणे उकरून काढतात. त्याऐवजी नुकतीच झालेली एक छोटी गफलत निवडावी, दोन्हीकडचे एकेकच माणूस घ्यावे आणि कोणाचे चुकले हे न विचारता, कोणत्या शब्दापाशी वाट फुटली ते शोधावे. तो शब्द लिहून ठेवावा.

आमची अशी यादी जावक विभागाच्या भिंतीवर आणि बाणेरच्या पाणी पिण्याच्या जागेपाशी लावलेली आहे. तिच्यात ‘रद्द’ समोर लिहिले आहे, की ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) आणि ई-वे बिल पोर्टलवर 24 तासांच्या आतच रद्द करता येते, त्यानंतर इन्व्हॉइसच्या बाबतीत क्रेडिट नोटचा मार्ग उरतो, आणि प्रणालीतून नोंद पुसणे म्हणजे रद्द करणे नव्हे. ‘तिमाही’ समोर एप्रिल ते जून ही पहिली, असे आहे, कारण परदेशी ग्राहकाचा अहवाल करताना प्रोग्रामरने जानेवारीपासून मोजले होते. ‘03/04’ समोर ‘3 एप्रिल’ आहे. यादीत सध्या एकतीस शब्द आहेत. बत्तिसावा शब्द ‘अर्जंट’ असून त्याच्या समोरची जागा चार महिन्यांपासून कोरी आहे.