ताकदवान मसल कारसाठी टॉर्क कन्व्हर्टर निवडताना : माझा अनुभव

माझ्या मसल कारच्या व्ही-८ इंजिनाला अधिक उग्र कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा; उग्र म्हणजे त्या जास्त वेळ उघड्या ठेवून वरच्या गतीला ताकद देणारा) बसवल्यावर गाडी गिअरमध्ये उभी असताना बंद पडू लागली आणि सुटताना दबल्यासारखी वाटू लागली, कारण मूळ टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद तेलामार्फत ऑटोमॅटिक ट्रान्समिशनला देणाऱ्या भागाची) स्टॉल गती इंजिनाच्या ताकदीच्या टप्प्याच्या बरीच खाली होती. स्टॉल गती म्हणजे गाडी ब्रेकवर थांबवून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन जिथवर पोचते ती गती.

स्टॉल गती हा कन्व्हर्टरचा कायमचा आकडा नसतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ती साधारणपणे इंजिनाच्या टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे त्याच कन्व्हर्टरची स्टॉल गती जोरकस इंजिनामागे अधिक आरपीएमवर (मिनिटाला फेरे) जाते. म्हणून मी कॅमशाफ्टचा तपशील, गाडीचे वजन, मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर आणि टायरचा व्यास निर्मात्याला कळवून सुमारे २८०० आरपीएम स्टॉल गतीचा, लहान व्यासाचा कन्व्हर्टर बनवून घेतला. गाडी आता स्थिर उभी राहते आणि नेटाने सुटते.

महामार्गावर मात्र माझे इंजिन २२०० आरपीएमच्या आसपास, म्हणजे स्टॉल गतीच्या खाली फिरते. तिथे कन्व्हर्टरमधील घसरणीने तेल तापते, म्हणून मी लॉकअप क्लचचा (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू घट्ट जोडून घसरण थांबवणाऱ्या क्लचचा) आग्रह धरला आणि ट्रान्समिशनच्या तेलासाठी स्वतंत्र कूलर जोडला.