फ्रेझल व्हर्ब्ज: यादी सोडा, ‘इट’ची जागा धरा

नागपूरच्या सीताबर्डीला स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या ढिगात फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे ‘अप’, ‘ऑफ’सारखं अव्यय जोडून वेगळा अर्थ घेणाऱ्या इंग्रजी क्रियापदांच्या, याद्यांचं एखादं पातळ पुस्तक हमखास सापडतं. डावीकडे ‘गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे’, उजवीकडे प्रत्येकाचा एका शब्दात अर्थ. असलं पुस्तक घेऊ नका. एकाच क्रियापदाची सगळी भावंडं एका ओळीत उभी केली, की परीक्षेत नेमकी त्यांचीच अदलाबदल होते. त्याऐवजी एक वही करा. तिच्यात प्रत्येक नोंद पूर्ण वाक्यात हवी, आणि शक्य तिथे त्या वाक्यात ‘इट’, ‘देम’ किंवा ‘हर’ असायलाच हवं. ही अट का, ते पुढे येईलच.

नोंदींचे गट क्रियापदावरून नको, प्रसंगावरून करा. २३ सप्टेंबर २०२२ चा जामठ्यातला भारत–ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी सामना आठवतो? मैदान ओलं होतं, खेळ उशिरा सुरू झाला आणि शेवटी आठ-आठ षटकांचाच सामना झाला. तो सामना खोळंबला, म्हणजे ‘हेल्ड अप’. दुसऱ्या दिवसावर ढकलला असता तर ‘पुट ऑफ’. रद्दच केला असता तर ‘कॉल्ड ऑफ’. हे तिन्ही एकाच पानावर लिहिले की पुन्हा गोंधळ होत नाही. ‘पुट आउट’ मात्र या पानावर आणू नका. तो आग विझवायचा आहे, त्याला अग्निशमन दलाच्या पानावर जाऊ द्या.

‘गो ऑफ’साठी मे महिन्यातली नागपूरची दुपार घ्या. वीज गेली: ‘द लाइट्स वेंट ऑफ’. बाहेर राहिलेलं दूध नासलं: ‘द मिल्क वेंट ऑफ’. अलार्म मात्र ‘वेंट ऑफ’ झाला म्हणजे वाजला, बंद पडला नाही. इथे तर्क लढवू नका, तीनही वाक्यं उतरवून घ्या.

आता खरी अडचण. अर्थ पाठ असलेली, चांगले मार्क मिळवणारी पोरंसुद्धा ‘टर्न ऑफ इट’ म्हणतात. काऊन? कारण ‘टर्न ऑफ द कूलर’ बरोबर आहे, मग ‘कूलर’च्या जागी ‘इट’ घातलं तर बिघडलं कुठे, असं त्यांना वाटतं. बिघडतं. ‘टर्न ऑफ द कूलर’ चालतं, ‘टर्न द कूलर ऑफ’ चालतं, पण सर्वनाम आलं की एकच जागा उरते, मधली: ‘टर्न इट ऑफ’. त्यावर काही क्लासवाले सांगतात, ‘सर्वनाम नेहमी मध्ये टाका.’ हा सल्ला अर्धवट आहे आणि म्हणून जास्त घातक आहे. तो पाळणारा पुढच्याच वाक्यात ‘लुक हर आफ्टर’ म्हणतो.

यावरचा उपाय आपल्याच सातवीच्या व्याकरणात आहे, बाप्पा. ‘खाली बस’ आणि ‘झाडाखाली बस’ ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात ‘खाली’ हे क्रियाविशेषण अव्यय आहे, ते बसण्याबद्दल सांगतं. दुसऱ्यात तेच शब्दयोगी अव्यय होऊन झाडाला चिकटलं. त्या दोघांच्या मध्ये काही शिरू शकत नाही. इंग्रजीतल्या ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘अप’ यांचंही असंच आहे. ते क्रियापदाच्या बाजूचे आहेत की नामाच्या, एवढंच ओळखायचं.

बूट काढा: ‘टेक ऑफ युवर शूज’. इथे ‘ऑफ’ काढण्याच्या क्रियेचा भाग आहे, म्हणून सर्वनाम मध्ये: ‘टेक देम ऑफ’. बसमधून उतरा: ‘गेट ऑफ द बस’. इथे ‘ऑफ’ बसला चिकटलंय, अगदी आपल्या ‘बसमधून’सारखं. म्हणून ‘गेट ऑफ इट’. हेल्मेट घालायचं तर ‘पुट इट ऑन’, बसमध्ये चढायचं तर ‘गेट ऑन इट’. अव्यय तेच, बाजू बदलली की जागा बदलली. शंका आली तर नाम मध्ये सरकवून बघा. ‘टेक युवर शूज ऑफ’ व्यवस्थित चालतं, ‘गेट द बस ऑफ’ चालत नाही.

अर्थावरून अव्ययाची बाजू सगळीकडे ओळखता येईल, असं मात्र समजू नका. ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’, ‘लुक इंटू’, ‘कम अक्रॉस’, ‘गेट ओव्हर’ यांचे अर्थ इतके लांब गेलेत की अव्यय कोणाच्या बाजूचं, हे अर्थावरून कळत नाही. म्हणूनच वहीत नुसतं ‘लुक आफ्टर’ लिहायचं नाही, ‘लुक आफ्टर हर’ लिहायचं. कानाला सर्वनामासकटच सवय लागली पाहिजे. शब्दकोश बघायचा तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला बघा. त्यांतल्या अनेकांत कर्म दोन्हीकडे सरकत असेल तिथे दुहेरी बाण छापलेला असतो. इंग्रजी–मराठी खिशातल्या कोशात तो मिळणार नाही.

तीन शब्दांची जोडणी त्यामानाने सोपी: ‘रन आउट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक फॉरवर्ड टू’. तोडू नका, कर्म शेवटी.

राहता राहिली आपली देशी पैदास. ‘कोप अप विथ’ असं काही नाही, ‘कोप विथ’ म्हणा. झिरो माइलला मेट्रोतून ‘गेट डाउन’ होऊ नका, ‘गेट ऑफ’ व्हा. पेट्रोलची टाकी ‘फिल अप’ करा, बँकेचा फॉर्म ‘फिल इन’ करा. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं, सैनिकी अकादमीत तर ते शुद्धच आहे. पण परदेशी मुलाखतकाराला तुम्ही त्या वर्षी चक्कर येऊन पडला होतात असं वाटेल, तेव्हा तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. आणि मावसभावाला चार दिवस घरी ठेवून घेतलं, तर तुम्ही त्याला ‘पुट अप’ केलं. ‘पुट अप विथ’ म्हणालात तर चार दिवस त्याला सोसलं असा अर्थ होईल. त्याच्यासमोर बोलताना तेवढं ‘विथ’ गाळा.