थंडीत अँथुरियम आणि ऑर्किडची काळजी

डिसेंबरात उत्तरेचे वारे सुटले की नागपुरात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ अंशांवर गेला होता. दुपारी छान ऊन असतं, त्यामुळे गारठ्याचा अंदाज येत नाही. अँथुरियम, फॅलेनॉप्सिस ऑर्किड, पीस लिली ही मुळात उष्ण, दमट जंगलांतली झाडं. १५ अंशांखाली त्यांची वाढ मंदावते, १० च्या खाली पानं काळवंडू लागतात. तेव्हा गॅलरीतल्या कुंड्या रात्री आत घ्याच.

पण आपल्याकडे थंडीपेक्षा जास्त झाडं मरतात ती पाण्याने. गार मातीत मुळं पाणी ओढत नाहीत, आणि आपण उन्हाळ्याच्या सवयीने रोज तांब्या ओततो. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर पाणी देऊ नका. द्यायचं तेव्हा सकाळी दहानंतर द्या. पहाटेचं टाकीतलं गार पाणी नको, बादलीत भरून घरात ठेवलेलं घ्या. ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, गाभा सडतो. अडेनियमने पानं गाळली तर घाबरू नका, ते झोपलंय. त्याचं पाणी जवळजवळ बंदच करा.

या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरंच आत येतं. कुंड्या तिथेच, पातळ पडद्यामागे ठेवा. हीटरच्या झोतात मात्र नको.

फॅलेनॉप्सिसला रात्रीचा हलका गारवा हवाच असतो, त्यानेच फुलदांडा निघतो. पानाच्या बगलेतून कोंब आला तर नीट निरखा: टोक गोल, गुळगुळीत असेल तर ते मूळ, चपटं, एका बाजूला खाच असलेलं असेल तर दांडा. दांडा दिसला की कुंडीची दिशा बदलू नका, नाहीतर फुलं वेडीवाकडी लागतात.

कोरड्या हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण हमखास येतात. पानांची खालची बाजू दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. कीड दिसलीच तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. वाढ थांबलेल्या झाडांना जानेवारी संपेपर्यंत खत नको.

महाशिवरात्रीनंतर कुंड्या बाहेर काढा, पण थेट उन्हात नाही. आधी आठवडाभर सावलीत ठेवा, मग हिरव्या जाळीखाली. मार्चचं नागपुरी ऊन कोवळी पानं एका दुपारीत करपवतं.